क्वांटम डॉटची लाल फिल्म नारिंगी होऊन फिकी पडते : प्रकाशस्थैर्य कसे वाढवावे?

मिऱ्याकाठ (रत्नागिरी) :

नमस्कार. रत्नागिरीतील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि झिंक सल्फाइडचे कवच असलेले क्वांटम डॉट (काही नॅनोमीटर आकाराचे, प्रकाश देणारे अर्धवाहक स्फटिक) विकत घेतले, टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या पीएमएमए (अॅक्रिलिक) या पारदर्शक पॉलिमरमध्ये ते मिसळले आणि काचपट्टीवर त्याची पातळ फिल्म वाळवली. बाजारातील पांढऱ्या एलईडीत लाल रंगाची जी उणीव असते, ती अशा फिल्मने भरून काढता येईल का, हे पाहण्याचा उद्देश आहे. चाचणी मात्र सोयीसाठी ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीखालीच घेतो.

फेब्रुवारीत केलेली फिल्म बऱ्यापैकी टिकली होती. जूनमध्ये पाऊस लागल्यानंतर त्याच पद्धतीने केलेली फिल्म थोड्याच आठवड्यांत बिघडली. तिच्या प्रकाशाचे शिखर, म्हणजे सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी, ६२० नॅनोमीटरवरून ६०८ पर्यंत सरकले आणि तीव्रता निम्म्याखाली आली. नुसत्या डोळ्यांनाही लाल रंग नारिंगीकडे झुकलेला दिसतो. काचपट्टीची एक कड आम्ही पकडीसाठी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली होती. फॉइल काढल्यावर त्याखालचा पट्टा मात्र पहिल्यासारखाच लालभडक निघाला.

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या समुद्राकडे आहेत. पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते आणि कपाटातील निळे सिलिका जेल पाहता पाहता गुलाबी होते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी सगळा दोष दमट हवेला देऊन टाकला आहे. तो निष्कर्ष बरोबर आहे का, हे कसे तपासावे? निष्क्रिय वायू भरलेली हातमोज्यांची पेटी किंवा अणुथर बसवण्याचे यंत्र आमच्याकडे नाही. अशा परिस्थितीत फिल्मचे आयुष्य वाढवण्यासाठी काय करता येईल? फिल्म अधिक जाड केली तर उपयोग होईल का?

प्रकाशमापी (चिपळूण) :

मॅडम, निदानातला अर्धा भाग आपल्या फॉइलनेच करून ठेवला आहे. झाकलेला पट्टाही त्याच हवेत होता आणि तोच ओलावा त्यालाही लागत होता, तरी तो शाबूत राहिला. म्हणजे नुसत्या दमट हवेने हे घडलेले नाही, त्यासाठी प्रकाश पडावाच लागतो. (फॉइल हवेलाही थोडी अडवते, म्हणून पुढच्या वेळी सावली फिल्मला न चिकटता वरून अंतर ठेवून धरावी.) शिवाय शिखर निळ्याकडे सरकले आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत बोलका पुरावा आहे. क्वांटम डॉटचा रंग गाभ्याच्या आकारावर ठरतो, म्हणून रंग निळ्याकडे सरकला याचा अर्थ गाभा खरोखरच लहान झाला आहे. प्रकाशाच्या उपस्थितीत ऑक्सिजन पृष्ठभागावरील सेलेनियमचे ऑक्सिडीभवन करतो, तयार झालेला सेलेनियम डायऑक्साइड निघून जातो आणि गाभा बाहेरून आत झिजत जातो.

२००१ साली एकेकट्या डॉटवर प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतही हेच चित्र दिसले होते. हवेत ठेवलेले डॉट निळ्याकडे सरकत सरकत विझले, तर नायट्रोजनमध्ये ठेवलेले डॉट विझण्यास बराच अधिक काळ लागला आणि विझेपर्यंत त्यांचा रंग सरकला नाही. म्हणून शिखर कोणत्या दिशेला गेले, हे तीव्रता किती घटली यापेक्षा आधी पाहावे. शिखर जागेवर राहून तीव्रता उतरली तर पृष्ठभागावरील लिगंड (डॉटला चिकटलेले संरक्षक रेणू) सुटले असावेत किंवा डॉटवर विद्युतभार अडकला असावा. शिखर लालाकडे गेले तर डॉट एकमेकांना चिकटून ऊर्जा मोठ्या डॉटकडे जात असल्याची शंका घ्यावी, नाहीतर फिल्म केवळ तापलेली असते. कॅडमियम सेलेनाइडच्या बाबतीत तापमान एका अंशाने वाढले की शिखर सुमारे ०.१ नॅनोमीटर लालाकडे जाते आणि तीव्रता एक टक्क्याहून थोडी अधिक घटते. हा बदल थंड झाल्यावर परत भरून येतो. म्हणून एलईडी बंद करून, फिल्म खोलीच्या तापमानाला आणून मगच वर्णपट घ्यावा.

आता प्रमाणाचा अंदाज घेऊ. फिल्मवर दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट निळा प्रकाश पडतो असे धरले, तर आपल्या आकाराचा एक डॉट सेकंदाला ढोबळमानाने दोनशे वेळा उत्तेजित होतो, म्हणजे दिवसाला सुमारे दोन कोटी वेळा. उत्तेजित अवस्था साधारण २० ते ३० नॅनोसेकंदच टिकत असल्यामुळे एकाच वेळी दोन उत्तेजने एका डॉटमध्ये सापडण्याचा प्रश्न इतक्या मंद प्रकाशात उद्भवत नाही. ती चिंता लेझरखाली काम करणाऱ्यांची आहे. आपल्या गाभ्यात सेलेनियमचे अणू असतील हजारभर. समजा, एक लाख उत्तेजनांमागे एकदाच एक अणू ऑक्सिजनला बळी पडतो. तरीही दिवसाला दोनशे अणू जातील आणि आठवडाभरात गाभाच उरणार नाही. हेच प्रमाण कोटीत एक असेल तर तोच गाभा वर्षभराहून अधिक काळ उभा राहील. प्रकाशस्थैर्य वाढवणे म्हणजे ही शक्यता लाखात एकवरून कोटीत एकवर आणणे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेला प्रत्येक उपाय एकतर उत्तेजित इलेक्ट्रॉनला पृष्ठभागापासून दूर ठेवतो किंवा ऑक्सिजनला तिथपर्यंत पोहोचू देत नाही.

ओलाव्याचा वाटा किती, हे पाहण्यासाठी लोणच्याच्या काचेच्या बरण्या पुरतील. एका बरणीत कोरडे सिलिका जेल ठेवा, म्हणजे ऑक्सिजन आहे पण ओलावा नाही. दुसऱ्या बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण वाटीत ठेवा. साध्या मिठाच्या अशा द्रावणावरील बंद हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. तिसऱ्या बरणीत खाद्यपदार्थांच्या पाकिटात असते तशी लोहचूर्णाची ऑक्सिजन शोषणारी पुडी ठेवा. ही पुडी दमट हवेत अधिक चांगली चालते, म्हणून आपल्याकडच्या पावसाची तिला अडचण नाही. एलईडी बरणीच्या बाहेर, प्रत्येकीपासून सारख्याच अंतरावर असावा, नाहीतर आतली हवा तापून सगळा हिशेब बिघडेल. प्रत्येक बरणीत अर्धी फिल्म सावलीत राहू द्या. आणखी एक काचपट्टी डॉट न घालता नुसत्या पीएमएमएची करून ठेवा, कारण पॉलिमर किंवा गोंद पिवळा पडला तर तोही निळा प्रकाश गिळतो आणि आपण तो दोष डॉटच्या माथी मारतो.

देवगड_रसायन :

चर्चेत थोडी भर घालतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पीएमएमएऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरून पाहावे, असे मला वाटते. ते स्वस्त असते, पाण्यात विरघळते, टोल्युइनच्या वाफा सोसाव्या लागत नाहीत आणि ऑक्सिजनला अडवण्यात ते बहुतेक पॉलिमरांच्या पुढे आहे. शिवाय पाण्यातच तयार होणारे थायोग्लायकोलिक आम्लाचे आवरण असलेले कॅडमियम टेल्युराइडचे डॉट त्यात सहज मिसळतात. हे डॉट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नुसत्या उकळण्यानेही बनवता येतात.

एक शंकाही आहे. फेब्रुवारीतील आणि जूनमधील फरकाचे श्रेय पावसाला देण्यापूर्वी डॉटची बाटली तीच होती का, हे मॅडमनी सांगावे. आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारीतही हवा काही कोरडी ठणठणीत नसते. दरम्यानच्या काळात बाटली वारंवार उघडली गेली असेल, वीज गेल्यावर फ्रिज तासन् तास बंद राहिला असेल आणि थंड बाटली उघडताच आत दव धरले असेल, तर बिघाडाची सुरुवात फिल्म करण्याच्या आधीच झाली असण्याची शक्यता आहे.

गाभा_आणि_कवच (मूळचा कुडाळचा, सध्या पुणे) :

देवगडच्या सरांची बाटलीविषयीची शंका अगदी योग्य आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही. ते ऑक्सिजनला अडवते हे खरे, पण कोरडे असतानाच. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात म्हणून त्यातून वायू जात नाही. हवेतील आर्द्रता ८०–९० टक्क्यांवर गेली की पाणी त्या बंधांमध्ये शिरते, पॉलिमर फुगते आणि त्याची अडवण्याची शक्ती कित्येक पटींनी घटते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांत इथिलीन-व्हिनाइल अल्कोहोलचा थर नेहमी दोन जलरोधक थरांच्या मध्ये दाबलेला असतो, त्याचेही कारण हेच आहे. पुण्यात डिसेंबरात घेतलेल्या चाचणीत हा पदार्थ उत्तम ठरेल आणि जुलैत रत्नागिरीत तोच निकामी होईल.

थायोलचे (थायोग्लायकोलिक आम्लासारख्या गंधकयुक्त संयुगाचे) आवरण असलेल्या डॉटची अडचण आणखी मूलभूत आहे. प्रकाश पडल्यावर नॅनोस्फटिक स्वतःच उत्प्रेरकाचे काम करतो आणि आपल्याच पृष्ठभागावरील थायोलचे ऑक्सिडीभवन करून त्याचे डायसल्फाइड बनवतो. हे आवरण गळून पडले की स्फटिक उघडा पडतो आणि शेवटी डॉट गाळासारखे खाली बसतात. कॅडमियम सेलेनाइडवर हे २००१ सालीच दाखवले गेले आहे, आणि कॅडमियम टेल्युराइड तर ऑक्सिडीभवनाला त्याहूनही लवकर बळी पडते. विद्यार्थ्यांना डॉट तयार करायला शिकवण्यासाठी ते चांगले आहेत, पण टिकाऊपणाच्या प्रकल्पाला त्यांचा आधार घेऊ नये.

आता कवचाविषयी. माझ्या दृष्टीने सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा भाग हाच आहे, कारण फिल्मभोवती कितीही बंदोबस्त केला तरी थोडा ऑक्सिजन आत राहतोच, आणि त्याच्यापासून गाभ्याला अखेर वाचवते ते कवचच. कॅडमियम सेलेनाइडच्या ऊर्जापट्ट्यांमधले अंतर १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे आणि झिंक सल्फाइडचे साधारण ३.६ चे, म्हणून इलेक्ट्रॉन आणि छिद्र (इलेक्ट्रॉन उठल्यावर मागे राहिलेली धनभारित रिकामी जागा) दोघेही गाभ्यात कोंडले जातात. कागदावर ही जोडी आदर्श दिसते. अडचण अशी की दोन्ही स्फटिकांच्या जाळीच्या मापात सुमारे १२ टक्क्यांचा फरक आहे. त्यामुळे एक-दोन अणुथरांपलीकडे कवच वाढवू लागले की ताण साठतो, कवचात दोष निर्माण होतात, काही ठिकाणी ते विरळ राहते, आणि ऑक्सिजनला नेमकी तीच वाट सापडते. १९९६ आणि १९९७ मधील ज्या कामांनी हे कवच रूढ केले, त्यांपैकी १९९७ च्या कामातही अधिक जाड कवचाने प्रदीप्ती (डॉटने दिलेला प्रकाश) उलट कमी झाल्याचे दिसते.

यावर उपाय म्हणून मध्ये कॅडमियम सल्फाइडचा थर देतात. त्याच्या जाळीचे माप कॅडमियम सेलेनाइडपासून अवघ्या ४ टक्क्यांनी वेगळे आहे. त्यावर कॅडमियम आणि झिंक यांचे प्रमाण हळूहळू बदलत नेणारा मिश्र थर, आणि सर्वांत बाहेर झिंक सल्फाइड. असे टप्प्याटप्प्याने वाढवलेले कवच जाड असूनही सलग राहते. २००८ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथील गटाने कॅडमियम सल्फाइडचे एकोणीस थरांपर्यंतचे कवच वाढवून दाखवले, आणि त्याच वर्षी फ्रान्समधील गटानेही जाड कवचाचे डॉट प्रसिद्ध केले. एकेकट्या डॉटची जी लुकलुक १९९६ पासून सर्वांना सतावत होती, ती या डॉटमध्ये बव्हंशी थांबली. जाड कवचाचा आणखी एक फायदा आपल्या कामाचा आहे. कॅडमियम सल्फाइड ४५० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतः शोषते आणि ऊर्जा गाभ्याला देते, त्यामुळे तेवढाच निळा प्रकाश गिळायला कमी डॉट पुरतात आणि एका डॉटने दिलेला लाल प्रकाश शेजारच्याने परत शोषण्याचे प्रमाणही घटते. याची दुसरी बाजू अशी की एकेका डॉटला अधिक उत्तेजने सोसावी लागतात आणि त्यात कॅडमियमही अधिक असते.

ही कवचे तुमच्या प्रयोगशाळेत वाढवण्याचा सल्ला मी देणार नाही. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑक्सिजनविरहित वातावरणात कॅडमियमची संयुगे हाताळणे हे वाफा ओढून घेणाऱ्या एका कपाटाच्या भरवशावर करण्याचे काम नव्हे. विकत घेताना मात्र कवचात कोणकोणते थर आहेत, ते किती जाड आहेत आणि पृष्ठभागावर कोणते लिगंड आहेत, हे विक्रेत्याला आवर्जून विचारावे. केवळ ‘गाभा-कवच’ एवढेच लिहिलेल्या बाटलीत बहुधा पातळ कवचाचे डॉट असतात.

मिसळण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. डॉट शुद्ध करण्यासाठी मिथेनॉल किंवा अॅसिटोनने पुनःपुन्हा धुतले तर अतिरिक्त लिगंडबरोबर आवश्यक लिगंडही निघून जातात, म्हणून आलेले द्रावण शक्यतो धुऊ नये. आणि टोल्युइनऐवजी क्लोरोफॉर्म वापरू नये, कारण उजेडात त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि ते पृष्ठभाग कोरते. तयार पॉलिमर विरघळवण्याची तुमची रीत चांगलीच आहे. मोनोमरमध्ये (पॉलिमरच्या सुट्या घटक रेणूंमध्ये) डॉट घालून नंतर पेरॉक्साइडने पॉलिमर बनवणाऱ्यांचे डॉट त्या पेरॉक्साइडनेच अर्धे विझतात.

मिऱ्याकाठ (रत्नागिरी) :

आपणा सर्वांचे आभार. बाटलीविषयीची शंका रास्त आहे. बाटली तीच होती, आणि मधल्या काळात ती अनेकदा उघडली गेली हे नाकारता येणार नाही. राहिलेल्या द्रावणाचा वर्णपट घेतला तेव्हा शिखर ६१९ नॅनोमीटरवर मिळाले, म्हणजे द्रावणातील गाभा फारसा झिजलेला नसावा. लिगंडांचे काय झाले हे मात्र यावरून सांगता येत नाही.

बरण्यांचा प्रयोग सुरू केला आहे. सिलिका जेलच्या बरणीतील फिल्मही निळ्याकडे सरकते आहे, पण मिठाच्या बरणीतील फिल्मपेक्षा सावकाश. लोहचूर्णाच्या बरणीत शिखर अजून जागेवरून हललेले नाही. याशिवाय एका विद्यार्थिनीने दोन काचपट्ट्यांच्या मध्ये फिल्म दाबून कडा तशाच उघड्या ठेवल्या होत्या. ती निळ्या टॉर्चखाली धरली तर मध्यभाग लाल चमकतो, काठाने अरुंद काळसर चौकट दिसते आणि त्या दोहोंच्या सीमेवर नारिंगी रंगाची बारीक रेघ दिसते. ही चौकट सावकाश आत सरकते आहे. याचा अर्थ काय घ्यावा? आणि फिल्मच्या जाडीविषयीचा माझा प्रश्न राहिला आहे.

प्रकाशमापी (चिपळूण) :

त्या चौकटीतच आपल्या जाडीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ऑक्सिजन काचेतून जात नाही, तो कडेने पॉलिमरमधून आत शिरतो आहे. जिथे पोहोचून बराच काळ झाला तिथले डॉट विझले आहेत, आणि नारिंगी रेघ म्हणजे ज्यांचे गाभे या क्षणी झिजत आहेत असे डॉट. कोकणातल्या घरात पाऊस कौलांतून कमी आणि झडीने बाजूने अधिक येतो, तसाच हा प्रकार आहे.

आता आकडे घ्या. पीएमएमएमध्ये ऑक्सिजनचा विसरण गुणांक (तो किती वेगाने पसरतो याचे माप) सेकंदाला एका चौरस सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास असतो. लागणारा वेळ हा अंतराच्या वर्गाला या गुणांकाने भागून काढता येतो. आपली उघडी फिल्म ५० मायक्रोमीटर जाड असेल, तर ऑक्सिजन वरून खालपर्यंत तासाभरातच पोहोचतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट होईल, म्हणजे फार तर तीन तास. महिने टिकवायची असलेली फिल्म अशा जाडीने वाचत नाही. जाड फिल्ममध्ये वरचे डॉट प्रकाश गिळतात म्हणून खालचे कमी उत्तेजित होतात आणि एकूण तीव्रता सावकाश उतरते, एवढाच तिचा दिखाऊ फायदा. पण हेच अंतर आडवे धरा. काठापासून १ मिलिमीटर आत जायला सुमारे बारा दिवस, ५ मिलिमीटरला नऊ-दहा महिने आणि १ सेंटिमीटरला तीन वर्षांच्या आसपास. वाटेत डॉट स्वतः ऑक्सिजन खर्च करतात, त्यामुळे प्रत्यक्षात सीमा याहूनही सावकाश सरकते.

म्हणून तुमच्या साधनांत बसणारा सर्वांत परिणामकारक उपाय असा : फिल्म दोन काचांमध्ये घ्यावी, डॉट असलेला भाग मध्यापुरता ठेवून त्याच्याभोवती निदान ५ मिलिमीटर रुंदीची डॉटविरहित किनार सोडावी आणि काठ बंद करावेत. काठासाठी ब्युटाइल रबराची पट्टी सर्वांत योग्य ठरते. दुहेरी काचेच्या खिडक्यांच्या कडांना हाच पदार्थ वापरतात, कारण वायू आणि बाष्प दोन्ही त्यातून अत्यंत कमी जातात. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी चालेल, पण त्यातील अमाइनचा डॉटशी संपर्क येऊ देऊ नये आणि तो निळ्या प्रकाशात पिवळा पडतो हे लक्षात ठेवावे. जीवशास्त्र विभागातील स्लाइडवर लावायचा डिंक किंवा नखांचे पॉलिश वापरण्याचा मोह होईल, तो टाळावा. सिलिकॉन सीलंट तर मुळीच नको. ते पाणी अडवते म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो, पण ऑक्सिजन त्यातून जवळजवळ मोकाट जातो.

काच बंद करण्यापूर्वी फिल्ममधील ऑक्सिजन आणि पाणी काढणेही तितकेच गरजेचे आहे. पीएमएमए सुमारे दोन टक्के पाणी धरून ठेवते. निर्वात भट्टी असेल तर सौम्य तापमानाला रात्रभर ठेवावे. नसेल तर कोरड्या सिलिका जेलच्या बरणीत काही दिवस ठेवून, लगेच बंद करावे. ओलाव्यासकट बंद केलेली काच ही ओलावा सांभाळणारी डबी होते.

सिलिका जेलच्या बरणीतील फिल्मही सरकली, यावरून मुख्य दोषी ऑक्सिजन आणि प्रकाश यांची जोडी हेच दिसते. पाण्याने त्या दोघांचे काम सोपे केले, कारण सेलेनियम डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पृष्ठभाग मोकळा होत जातो. विद्यार्थ्यांचा निष्कर्ष पूर्ण चुकीचा नाही, पण मुख्य कारणाच्या जागी त्यांनी साहाय्यक कारण ठेवले आहे.

एक गोष्ट जपून वाचावी लागेल. दमट हवेत प्रकाश पडायला लागल्यावर सुरुवातीला फिल्म अधिक उजळ झालेली दिसण्याची शक्यता असते, कारण पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील काही दोष तात्पुरते झाकतात. ऑक्सिडीभवनाने होणारी घट नंतर येते. सुरुवातीची तीव्रता नेमकी कोणत्या क्षणाची धरली, यावर मग सगळी टक्केवारी अवलंबून राहते.

देवगड_रसायन :

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबद्दलचा मुद्दा पटला. मग डॉटवर सिलिकाचे आवरण देण्याविषयी काय मत आहे? टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट आणि अमोनिया आमच्याकडेही मिळतात. तसेच कॅडमियम पूर्णपणे टाळता आले तर अधिक बरे, असेही वाटते. आमच्या भागात प्रयोगशाळेची मोरी शेवटी खाडीलाच मिळते.

गाभा_आणि_कवच (मूळचा कुडाळचा, सध्या पुणे) :

सिलिकाबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. सामान्य तापमानाला अशा रीतीने तयार होणारी सिलिका सच्छिद्र असते. ती डॉटना एकमेकांपासून दूर ठेवते, पाण्यात किंवा पॉलिमरमध्ये नीट विखुरते, पण ऑक्सिजनला ती अडवत नाही. शिवाय त्या प्रक्रियेत अमोनियामुळे मूळचे लिगंड सुटतात आणि प्रदीप्तीची कार्यक्षमता सुरुवातीलाच घसरते. दाट, छिद्ररहित ऑक्साइड हवा असेल तर अॅल्युमिनाचे अणुथर बसवणारे यंत्रच लागते. या बाबतीत काचेची बरोबरी कोणी करत नाही. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी अलेक्सी एकिमोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ज्यांच्यातील पुंज-परिणाम दाखवून दिला, ते कॉपर क्लोराइडचे स्फटिक काचेच्या आतच वाढलेले होते. ऑक्सिजन तिथे पोहोचणारच कुठून?

कॅडमियम टाळण्यासाठी इंडियम फॉस्फाइड हा रूढ पर्याय आहे आणि आज अनेक दूरचित्रवाणी संचांत तोच वापरतात. युरोपीय नियमांनुसार विद्युत उपकरणांच्या एकजिनसी घटकात कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का आहे, हेही त्यामागचे एक कारण. मात्र इंडियम फॉस्फाइडचा पृष्ठभाग मुळातच सहज ऑक्सिडीभूत होतो, म्हणून त्याच्यावर झिंक सेलेनाइड आणि त्यावर झिंक सल्फाइड अशी दुहेरी कवचे द्यावी लागतात. शिसे असलेले पेरोव्स्काइट डॉट २०१५ पासून गाजत आहेत आणि त्यांचा रंग अत्यंत शुद्ध असतो, पण पाण्याशी त्यांचे हाडवैर आहे. मिश्र हॅलाइडचे असतील तर प्रकाशाखाली ब्रोमाइड आणि आयोडाइड वेगवेगळे होऊन रंगच बदलतो. किनाऱ्यावर तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइड किंवा झिंक सेलेनाइड हा मला अधिक शहाणपणाचा विषय वाटतो. त्यात प्रकाश मँगनीजच्या आयनातून येतो, त्याचे शिखर ५८५ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ते स्फटिकाच्या आकारावर फारसे अवलंबून नसते, त्यामुळे पृष्ठभाग थोडा झिजला तरी रंग सरकत नाही. कोलकात्यातील नारायण प्रधान हे २००५ मध्ये मँगनीज आणि तांबे मिसळलेल्या झिंक सेलेनाइडच्या कामात सहभागी होते, आणि त्या शोधनिबंधाचा रोखच कॅडमियम सेलेनाइडला पर्याय देण्यावर होता. मर्यादा अशी की झिंक सल्फाइडला उत्तेजित करायला अतिनील प्रकाश लागतो. ४५० च्या निळ्या एलईडीवर ते चालणार नाही, आणि मिळणारा रंग लाल नसून नारिंगी असेल.

कॅडमियमचे जे द्रावण आणि ज्या फिल्म आता हाताशी आहेत, त्या मोरीत जाऊ देऊ नयेत. धुण्याचे टोल्युइन आणि पुसलेले कागदही त्यातच धरून, वेगळ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवून घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावेत.

मिऱ्याकाठ (रत्नागिरी) :

काचेच्या किनारीची रचना आम्ही करून पाहणार आहोत. शेवटचा प्रश्न अहवालाविषयी आहे. विद्यार्थ्यांना ‘फिल्मचे आयुष्य अमुक तास’ असे एक वाक्य लिहायचे आहे. ते कसे लिहावे?

प्रकाशमापी (चिपळूण) :

नुसत्या तासांना काही अर्थ नाही, कारण मंद प्रकाशात तीच फिल्म दहापट टिकेल. तीव्रता निम्म्यावर येण्यास लागलेला काळ लिहावा आणि त्याच्याच शेजारी फिल्मवर पडलेला प्रकाश दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट होता, फिल्मचे स्वतःचे तापमान किती होते (खोलीचे नव्हे), आर्द्रता किती होती आणि फिल्मने निळ्या प्रकाशाचा किती भाग शोषला, हे द्यावे. या शेवटच्या दोन आकड्यांवाचून दुसऱ्या कोणालाही तुलना करता येत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक प्रबंधांत नेमके तेच गाळलेले असतात. तीव्रतेच्या आलेखाखालीच शिखराच्या तरंगलांबीचा आलेख त्याच काळरेषेवर काढावा. तीव्रता उतरण्यापूर्वीच शिखर हलू लागले असेल तर ते तिथे लगेच दिसेल.

चाचणी लवकर संपवण्यासाठी प्रकाश दसपट वाढवून आयुष्य दसपट घटले असे गृहीत धरू नये. वाढवलेल्या प्रकाशाने फिल्म तापते, शिवाय काचेत बंद केलेल्या फिल्ममध्ये ऑक्सिजन आत येण्याचा वेग प्रकाशावर अवलंबून नसतो. निदान तीन वेगवेगळ्या तीव्रतांवर मोजून मगच सरळ रेषा मिळते का ते पाहावे. मोजणीच्या वेळी एलईडी स्वतः मंद होत नाही ना, हे तपासण्यासाठी त्याच्या निळ्या प्रकाशाची नोंदही रोज ठेवा, आणि वीज गेली तर तेवढा वेळ प्रकाशाच्या हिशेबातून वजा करा, पण हवेच्या हिशेबात तो मोजलेला राहू द्या.

ज्या काचेला चौकट धरली आहे ती टाकून देऊ नका. तिच्या काठापासून आतपर्यंत एकेक मिलिमीटरवर वर्णपट घेतला, तर विझलेल्या, झिजणाऱ्या आणि शाबूत अशा तिन्ही अवस्था एकाच नमुन्यावर मिळतील, आणि दर आठवड्याला तीच रेघ मोजत गेल्यास विसरण गुणांकाचा अंदाज तुमच्या स्वतःच्या फिल्मवरून बांधता येईल. त्याची तुलना मी वर दिलेल्या ढोबळ आकड्याशी करून पाहावी. जुलैत आणि नंतर जानेवारीत, अशी ती दोनदा करता आली तर ओलाव्याचा जो वाटा बरण्यांतून अंदाजाने दिसला, तो आकड्यात सांगता येईल.